वल्हं हाती घेण्याआधी: आपल्या नदीची ताजी खबर कशी काढावी, कशी तपासावी आणि कशी द्यावी

नदीवर कयाक, कनू किंवा राफ्ट घेऊन जाणाऱ्याला माहिती मिळतच नाही, असं आता सहसा होत नाही. मोबाईलवर पाण्याची पातळी दिसते, पावसाचा अंदाज दिसतो, मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या कुणाचे तरी फोटो असतात. अडचण वेगळीच आहे. ही माहिती कधीची, नदीच्या नेमक्या कोणत्या भागाची आणि तेव्हा पाणी किती होतं, हे तिच्यासोबत आलेलं नसतं. "पाणी मस्त आहे, या" हा निरोप सकाळी खरा असतो आणि दुपारी जिवावर बेततो. म्हणून नदीची प्रत्येक बातमी वेळ, जागा आणि पातळी या तीन गोष्टींसकट घ्यायची आणि तशीच पुढे द्यायची. यातली एक जरी गळाली असेल, तर त्या बातमीवर पाण्यात उतरण्याचा निर्णय घ्यायचा नाही.

पुढचा क्रम निघण्याच्या आठवडाभर आधीपासून परत येईपर्यंतचा आहे. सगळ्या पायऱ्यांना सारखा वेळ लागत नाही. पातळी वाचणं आणि धरणाचा विसर्ग समजून घेणं या दोन ठिकाणी खरं डोकं लावावं लागतं, आणि नेमक्या त्याच ठिकाणी बहुतेक जण घाई करतात.

पायरी १: आधी टप्पा पक्का करा

"नदीवर जातोय" एवढ्यावर बातमी शोधता येत नाही. उतरायची जागा आणि बाहेर पडायची जागा नकाशावर नक्की करा. मग त्या टप्प्यावरचे पूल, बंधारे, घाट, येऊन मिळणारे ओढे आणि उपनद्या टिपून घ्या. काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ओळखायचे: खाली बघत उभं राहिलं की उजव्या हाताला उजवा काठ. ही साधी गोष्ट सगळ्यांनी एकसारखी पाळली नाही तर "झाड डावीकडे आहे" हा निरोप नेमका उलटा पोहोचतो.

त्यानंतर नकाशा वरच्या अंगाला सरकवा. आपल्या टप्प्यात येणारं पाणी कुठून येतं? वर धरण आहे का, जलविद्युत केंद्र आहे का, किती उपनद्या मिळतात, पाणलोट क्षेत्र डोंगराळ आहे की सपाट? एवढं एकदा नीट केलं की पुढची कित्येक वर्षं तोच नकाशा कामी येतो. मधे कुठे काठाला लागून बाहेर पडता येईल अशा दोन-तीन जागाही आत्ताच बघून ठेवा. त्या शोधण्याची वेळ पाण्यात असताना येऊ नये.

पायरी २: पातळीचा आकडा वाचायला शिका

मापन केंद्रावरून सहसा दोन आकडे मिळतात: पातळी आणि प्रवाह. पातळी मीटरमध्ये किंवा फुटांत असते, प्रवाह क्युसेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनफूट किंवा क्युमेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनमीटर. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. कुणी नुसतं "शंभर सोडलंय" म्हणालं तर एकक विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. १०० क्युसेक हा लहानसा ओढा असतो, तर १०० क्युमेक म्हणजे ३,५३१ क्युसेक, म्हणजे चांगली भरलेली नदी.

पातळीचा आकडा म्हणजे खोली नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. तो एका ठरवलेल्या शून्यापासून मोजलेला असतो आणि ते शून्य कुठे धरायचं हे केंद्रागणिक बदलतं. भारतात केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासूनची पातळी देतो, त्यामुळे आकडा शेकडो मीटरचाही दिसतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्या जागेपुरतं ठरवलेलं शून्य वापरतात. त्यामुळे दोन वेगवेगळ्या केंद्रांच्या पातळ्या शेजारी ठेवून "तिथे जास्त पाणी आहे" असं म्हणण्यात अर्थ नाही. एकाच केंद्राचा कालचा आणि आजचा आकडा मात्र नक्की ताडून पाहावा.

प्रवाहाचा आकडा बहुतेक ठिकाणी थेट मोजलेला नसतो. पूर्वी अनेकदा प्रत्यक्ष मोजणी करून पातळी आणि प्रवाह यांचं नातं आलेखावर बसवलेलं असतं, त्यावरून तो काढतात. मोठ्या पुरात तळ खरवडला गेला किंवा गाळ साचला की हे नातंच सरकतं. म्हणून पुरानंतरच्या काही आठवड्यांत प्रवाहाच्या आकड्यावर थोडा कमीच विश्वास टाकावा. तेव्हा आलेखात दिसणारी पातळी ओळखीची असली तरी पात्र ओळखीचं राहिलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. एकटा आकडा अपुरा असतो. निदान मागच्या तीन दिवसांचा आलेख बघा. पुराचा आलेख चढताना सरळ उभा चढतो आणि उतरताना हळूहळू उतरतो. १.४ मीटर पातळी चढत्या बाजूला असेल तर तासाभरात ती कुठे असेल हे सांगता येत नाही. तीच १.४ उतरत्या बाजूला असेल तर दुपारपर्यंत फारसा धक्का बसणार नाही. शिवाय चढत्या पाण्यात काठावरचे ओंडके, फांद्या, कचरा वाहून येतो. माझं मत स्पष्ट आहे: पाणी चढत असताना अनोळखी टप्प्यावर उतरू नये, मग आकडा कितीही ओळखीचा वाटो.

आलेख अगदी सपाट सरळ रेषेत दिसला तर तेही तपासा. यंत्राच्या नळीत गाळ अडकला, विजेचा किंवा संपर्काचा घोटाळा झाला की शेवटचाच आकडा तासन्‌तास दिसत राहतो. शेवटच्या नोंदीची वेळ नेहमी वाचायची. ती सहा तासांपूर्वीची असेल तर तुमच्या हातात सहा तास जुनी बातमी आहे.

केंद्र तुमच्या टप्प्यापासून किती दूर आहे, हाही हिशेब करावा लागतो. वर केंद्र आणि मधे मोठी उपनदी, असं असेल तर केंद्रावर शांतता असतानाही तुमच्याकडे पूर असू शकतो. वर-खाली अशी दोन केंद्रं असतील तर मागच्या काही पुरांचे आलेख शेजारी ठेवा आणि वरच्या केंद्रावरचं शिखर खालच्या केंद्रावर किती तासांनी दिसलं ते मोजा. दोन-चार वेळा केलं की आपल्या नदीचा अंतरकाळ हाती लागतो. पाणी जास्त असताना हा काळ कमी होतो, त्यामुळे मोठ्या आणि लहान पुराचे आकडे वेगळे लिहून ठेवा.

पायरी ३: धरण आणि जलविद्युत केंद्र

वर धरण असलेली नदी पावसाच्या आकाशाकडे बघून समजत नाही. तिथे पाणी माणसाच्या निर्णयाने येतं. निरभ्र दुपारी, उन्हात, कोरड्या खडकावर बसलेल्या माणसांभोवती काही मिनिटांत पाणी भरतं. ८ जून २०१४ ला हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हेच झालं. लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणातून पाणी सोडलं गेलं आणि सहलीला आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पोहायला किंवा वल्हवायला उतरले नव्हते, काठालगतच्या खडकांवर फोटो काढत होते.

विसर्गाची चौकशी करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. सांडव्याचे दरवाजे उघडे आहेत का? वीजगृहातून किती पाणी येतंय? कालव्यात किती वळवलंय? "दरवाजे बंद आहेत" एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. दरवाजे बंद असताना वीजगृह पूर्ण क्षमतेने चालू असू शकतं आणि ते सगळं पाणी नदीतच येतं. विजेची मागणी सकाळ-संध्याकाळ वाढते, तसा हा विसर्ग दिवसातून दोनदाही चढतो-उतरतो. उलट वीजगृहाचं पाणी बोगद्यातून बरंच खाली जाऊन नदीला मिळत असेल, तर मधला टप्पा जवळजवळ कोरडा असतो आणि ज्या दिवशी केंद्र अचानक बंद पडतं त्या दिवशी त्याच टप्प्यात सगळं पाणी येतं.

काही नद्यांवर विसर्गाचं वेळापत्रकच असतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या दिवशी पाणी सोडतात. हिवाळ्यापूर्वी जलाशय उतरवायचाच असतो, त्याचा फायदा राफ्टिंगला मिळतो आणि लोक महिनोन् महिने आधी त्या तारखांची तयारी करतात. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी ग्लेन कॅन्यन धरणातल्या वीजनिर्मितीप्रमाणे रोज वर-खाली होतं. धरणाशी दुपारी सोडलेलं पाणी दरीत खाली मुक्कामाच्या जागी मध्यरात्री पोहोचू शकतं, त्यामुळे तिथे बोटी बांधताना पाणी चढेल आणि उतरेल असं दोन्ही धरून दोर ठेवावा लागतो. संध्याकाळी पाण्यात तरंगणारी बोट सकाळी कोरड्या वाळूवर सापडते किंवा उलट, वाळूवर ओढून ठेवलेली बोट वाहून गेलेली असते.

सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत कधी पोहोचेल याचा ढोबळ हिशेब करता येतो. रुंद पात्रात वाढलेल्या पाण्याची लाट, पाण्याच्या स्वतःच्या सरासरी वेगापेक्षा जलद पुढे सरकते, साधारण दीडपट ते पावणेदोन पट. समजा प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला १ मीटर आहे, म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर. धरण १८ किलोमीटर वर आहे. धरणाजवळ पाण्यात टाकलेलं पान तुमच्याकडे यायला पाच तास घेईल, पण वाढलेली पातळी तीन तासांत दारात उभी असेल. पान किंवा फेस वाहत येण्याच्या वेळेवर अंदाज बांधणारा इथे दोन तासांनी चुकतो. मधे डोह, बंधारे किंवा खडकाळ उतार असतील तर हे गणित बदलतं, म्हणून प्रत्यक्ष आलेखावरून काढलेला अंतरकाळ नेहमी अधिक खरा.

धरणाच्या नियंत्रण कक्षाला विचारायची पद्धतही ठरवून घ्या. "आज पाणी सोडणार का?" या प्रश्नाला अनेकदा "ठरलं नाही" असंच उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं. त्याऐवजी विचारा: आत्ता एकूण विसर्ग किती आहे, तो कधीपासून आहे, जलाशय किती टक्के भरला आहे, येवा म्हणजे जलाशयात येणारं पाणी किती आहे, आणि वाढ करायची झाली तर सूचना कशी देता. जलाशय जवळजवळ भरलेला आणि येवा विसर्गापेक्षा जास्त, अशी स्थिती असेल तर पाणी वाढणार हे कुणी न सांगताही कळतं. नदीकाठच्या भोंग्याचा अर्थ काय आणि तो वाजल्यावर किती वेळ मिळतो हेही विचारून घ्या.

पायरी ४: पाऊस कुठे पडतोय ते बघा

आपल्या डोक्यावरच्या पावसाने भिजायला होतं, नदी वाढते ती पाणलोटातल्या पावसाने. अंदाज बघताना उतरायच्या जागेचं नाव टाकून थांबू नका, वरच्या डोंगराचं नाव टाका. लहान, उतारी, खडकाळ पाणलोट असेल तर पाणी तासाभरातही चढतं. मोठ्या, सपाट खोऱ्यात दोन-दोन दिवस लागतात. जमीन आधीच पाण्याने भरलेली असेल तर तेवढ्याच पावसाने कितीतरी जास्त पाणी वाहतं. हंगामाच्या सुरुवातीची सर आणि सलग आठवडाभर बरसल्यानंतरची सर, दोन्हींचा पूर वेगळा असतो.

२७ जुलै १९९९ ला स्वित्झर्लंडमधल्या झाक्सेटबाख ओढ्याच्या घळीत उतरलेल्यांपैकी २१ जण दगावले. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि ते पाणी अरुंद घळीत शिरलं. दोन्ही बाजूंना कडे असलेल्या टप्प्यात बाहेर पडायला जागाच नसते, म्हणून तिथे गडगडाटी पावसाची नुसती शक्यता असली तरी तो टप्पा त्या दिवसापुरता बाद करावा.

बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्यांचं चक्र वेगळं आहे. दुपारच्या उन्हात बर्फ वितळतो आणि ते पाणी संध्याकाळी, रात्री किंवा लांबच्या टप्प्यावर दुसऱ्या सकाळी पोहोचतं. अशा नदीवर सकाळचा आकडा बघून दुपारचा बेत करू नये.

पायरी ५: अडथळ्यांची बातमी

पडलेली झाडं, बंधारे, पुलांची कामं, पात्रावरून ओढलेल्या तारा आणि दोर, मासेमारीची जाळी: यांची माहिती कुठल्याही आलेखात मिळत नाही, ती माणसांकडूनच येते. आडवं पडलेलं झाड पाणी आरपार जाऊ देतं आणि माणसाला अडकवतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर शरीरावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे फांद्यांत अडकलेल्याला बाहेर ओढणं सोबत्यांच्याही हाताबाहेर जातं. खालून पोखरलेल्या खडकाचंही तसंच आहे.

बंधाऱ्याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तो वरून येणाऱ्याला निरुपद्रवी दिसतो. पाण्यातून पुढे बघितलं तर फक्त एक सरळ आडवी रेषा दिसते आणि तिच्यापलीकडे नदी दिसेनाशी होते. पडणारं पाणी तळाशी आपटून वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे वळतं. या फिरत्या पाण्यात सापडलेली बोट आणि माणूस तिथेच घुसळत राहतात. नैसर्गिक रॅपिडमध्ये, म्हणजे खडकाळ उतारावरच्या वेगवान, फेसाळ पाण्यात, असं परतणारं पाणी बहुधा कुठेतरी फुटलेलं असतं, तिथून निसटता येतं. बंधाऱ्यात ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असतं आणि दोन्ही टोकांना काँक्रीटच्या भिंती असतात. अर्धा-एक मीटर उंचीचा बंधाराही जीव घेऊ शकतो.

पाणी वाढलं की बंधारा अधिक सोपा दिसतो, कारण वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक डोळ्याला कमी जाणवतो. धोका मात्र वाढलेला असतो. ३० ऑक्टोबर २०२१ ला वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट गावात पावसाने फुगलेल्या क्लेडाऊ नदीवर पॅडलबोर्डिंग करणारा, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणारा गट बंधाऱ्यावरून गेला आणि चौघांचा जीव गेला. बंधारा नकाशावर होता, गावाच्या मधोमध होता. म्हणून पायरी एकमध्ये टिपलेल्या प्रत्येक बंधाऱ्यासमोर तीन नोंदी करा: तो दिसायच्या आधीची ओळखीची खूण कोणती, त्याआधी कोणत्या काठाला लागायचं, बोट उचलून कुठून न्यायची. आणि आज ती काठाला लागायची जागा पाण्याखाली गेलेली नाही ना, याची खात्री निघण्याआधी जमिनीवरून, चालत जाऊन करा.

मोठा पूर येऊन गेला की अडथळ्यांची जुनी सगळी माहिती मुदत संपलेली समजा. नवं झाड आलेलं असतं, जुनं झाड हललेलं असतं, ओळखीच्या रॅपिडमधला दगड सरकलेला असतो. पुरानंतरच्या पहिल्या फेरीत, नजर पोहोचत नाही असं प्रत्येक वळण काठावर उतरून बघूनच पार करावं.

पायरी ६: पाणी स्वच्छ आहे का, किती गार आहे

जोराच्या पावसानंतर सांडपाणी, शेतातलं खत आणि जनावरांचं मलमूत्र नदीत येतं, त्यामुळे शहराच्या खालच्या अंगाला निदान ४८ तास थांबणं शहाणपणाचं. अंगावर जखम असेल तर जास्तच. लेप्टोस्पायरोसिसचा ताप पाण्यात गेल्यापासून दोन-चार दिवसांनी ते महिनाभराने कधीही येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना "नदीत उतरलो होतो" हे आपणहून सांगा. संथ पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर तिथे उतरू नका.

तापमान हीसुद्धा बातमीच आहे आणि ती फार कमी जण विचारतात. १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप जोरात ओढला जातो, पहिला मिनिट तो सावरण्यातच जातो. त्यानंतर दहाएक मिनिटांत हातांची पकड जायला लागते. मोठ्या धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असतं. रॅपिडची श्रेणी सांगणारी १ (सर्वांत सोपी) ते ६ (सर्वांत अवघड) ची आंतरराष्ट्रीय पद्धत सर्वत्र वापरतात. 'अमेरिकन व्हाइटवॉटर' या अमेरिकी संस्थेच्या आवृत्तीत पाणी १० अंशांच्या खाली असेल किंवा टप्पा दुर्गम असेल तर रॅपिड एक श्रेणी अवघड धरावा, असं म्हटलं आहे. हा नियम मनापासून पाळण्यासारखा आहे.

पायरी ७: परवानग्या आणि बंद काळ

हे पटकन उरकण्यासारखं काम आहे, फक्त आधी करायला हवं. अभयारण्य, खासगी काठ, माशांच्या विणीचा किंवा पक्ष्यांच्या घरट्यांचा हंगाम, पुलाचं काम, शर्यती, पूर-इशारा असताना लागू झालेली मनाई: यांपैकी काही आहे का ते बघा. एका नदीतून दुसरीकडे जाताना बोट, वल्हं, बूट घासून, निथळून, पूर्ण वाळवून न्या. न्यूझीलंडमध्ये २००४ साली दिदिमो नावाचं शेवाळ सापडलं, तेव्हापासून तिथे तपासा-धुवा-वाळवा हा शिरस्ता पडला आहे. ओल्या साहित्यातून असे जीव नदी-नदी फिरतात.

पायरी ८: माणसांना नेमकं विचारा

मासेमार, घाटावरचे लोक, काठावर शेती असणारे, बंधाऱ्यावरचे कर्मचारी यांना नदी रोज दिसते. पण "पाणी कसं आहे?" विचारलं तर "ठीक आहे" असंच उत्तर येतं. उत्तर मोजता येईल असा प्रश्न विचारा: पुलाच्या कोणत्या खांबापर्यंत पाणी आहे? कालच्यापेक्षा वर आहे की खाली? तो मोठा खडक उघडा दिसतो का? या आठवड्यात झाड पडलेलं दिसलं का? उत्तर ऐकल्यावर "हे तुम्ही कधी पाहिलंत?" हे जरूर विचारा. पुष्कळदा दोन दिवसांपूर्वीचं दृश्य आजचं म्हणून सांगितलं जातं, त्यात सांगणाऱ्याचा दोष नसतो.

दुसऱ्या कयाकरचं मत घेताना तो कोणत्या बोटीतून, कोणत्या पातळीला आणि कोणासोबत गेला होता ते समजून घ्या. पक्क्या माणसाचं "सोपं आहे" नवख्याला लागू पडत नाही.

पायरी ९: आदल्या रात्री आकडा लिहा, सकाळी काठावर तपासा

आदल्या रात्री गटातल्या सगळ्यांनी मिळून एक वरची मर्यादा लिहून ठेवावी: पातळी इतक्याच्या वर गेली किंवा चढती दिसली तर उतरायचं नाही. काठावर बोटी उतरवून झाल्या, इतक्या लांब आलो, असं झालं की प्रत्येकाची जीभ जड होते. लिहिलेला आकडा तिथे उपयोगी पडतो. बेत मोडला तर करायचा दुसरा, सोपा टप्पाही त्याच रात्री ठरवावा.

सकाळी काठावर आल्यावर पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा. मग कपडे बदलणं, बोटी फुगवणं, गाड्या खाली बाहेर पडायच्या जागी सोडून येणं हे सगळं उरका आणि परत येऊन काडी बघा. तेवढ्या वेळात पाणी चढतंय की उतरतंय हे स्वच्छ दिसतं. खडकांकडेही बघा. पाण्याच्या वर ओला, गडद पट्टा असेल तर पाणी उतरलंय. उभं हिरवं गवत पाण्यात बुडालेलं आहे, सुकी पानं आणि काटक्या तरंगत येतायत, पाणी गढूळ होऊ लागलंय, अशा खुणा दिसल्या तर पाणी चढतंय, मग मोबाईल काहीही सांगो. पाण्यात असताना या खुणा दिसल्या तर पुढचा रॅपिड गाठायच्या आधी काठाला लागावं.

निघण्यापूर्वी काठावरच्या एका माणसाकडे टप्पा, माणसांची संख्या आणि बाहेर पडायची वेळ लिहून द्या. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची, हेही त्यात असू द्या. शिट्टीचा एक आवाज म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट, हे सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या.

पायरी १०: परत आल्यावर बातमी द्या आणि नोंद ठेवा

तुम्ही ज्यांच्या बातमीवर निघालात, त्यांच्यासारखंच तुमच्या बातमीवर उद्या कुणीतरी निघणार आहे. चांगला निरोप साधारण असा असतो:

"रविवार, सकाळी ९.४०. जुन्या पुलापासून खाली सुमारे ८०० मीटर, उजव्या वळणाच्या आत शिरताच. डाव्या काठापासून निम्म्या पात्रापर्यंत आडवं झाड, फांद्या पाण्याखाली, प्रवाह थेट त्यावर नेतो. उजव्या काठाने तीनेक मीटर वाट मोकळी. वळणाआधी उजवीकडे थांबता येतं. मापन केंद्रावर पातळी १.३५ मीटर, उतरती. याहून जास्त पाण्यात पाहिलेलं नाही."

शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. आपण काय पाहिलं नाही, हे सांगितल्याने वाचणारा उगाच धाडस करत नाही. फोटो जोडला तर त्यात पूल, खांब किंवा ओळखीचा खडक यावा, म्हणजे पाणी किती आहे ते ताडता येतं. नुसता फेसाळ पाण्याचा फोटो देखणा असतो, पण त्यातून पातळी कळत नाही. तुटलेली तार, गायब झालेला धोक्याचा फलक, उघडं पडलेलं लोखंड असं काही दिसलं तर ते संबंधित कार्यालयालाही लेखी कळवा, फक्त आपसांत सांगून थांबू नका.

स्वतःसाठी एक वही ठेवा. तारीख, वेळ, पातळी, चढती की उतरती, आणि उतरायच्या जागेजवळच्या एकाच ठरावीक खडकावर पाणी कुठवर होतं, एवढंच लिहायचं. सोबत एक ओळ: कोणता रॅपिड सोपा गेला, कोणता दगड लागला, कुठे परतणारं पाणी जोरात होतं. दोन हंगाम हे केलं की १.१ मीटर म्हणजे आपल्या टप्प्यावर दगड खरवडत जाणं, १.५ म्हणजे उत्तम, १.८ म्हणजे मधल्या डोहानंतर काठाला लागायची जागाच उरत नाही, असे अर्थ त्या आकड्यांना चिकटतात. हे आकडे इथे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येक टप्प्याचे वेगळे निघतात आणि दुसऱ्याच्या वहीतले उसने घेता येत नाहीत, कारण त्याची बोट, त्याचं कसब आणि त्याचा खडक वेगळा असतो.

दिलेल्या बातमीची देखभालही तुमच्याकडेच राहते. झाड निघालं असं खात्रीने कळलं की मूळ निरोपातच तारखेसह "अडथळा दूर झाला, अमुक दिवशी स्वतः पाहिलं" अशी दुरुस्ती करा. वेगळा नवा निरोप टाकला तर जुना तसाच फिरत राहतो. मधे मोठा पूर येऊन गेला आणि तुम्ही पुन्हा गेलेला नसाल, तर त्यावर "पुरानंतर तपासलेलं नाही" असं लिहून टाका.